रेषेवरची दोन विमानं

शिर्के सरांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो मी पीएच.डी.साठी त्यांच्या हाताखाली रुजू झाले त्याच दिवशी, दुपारच्या चहाच्या सुमाराला. त्यांच्या टेबलावर कागदांचा पसारा होता, तो मी सरळ करून ठेवला होता. सर वर्ग संपवून आले, खुर्चीत बसले, गठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिसरं पान कुणी वाचलं?" मी म्हटलं, कुणीच नाही, मी फक्त गठ्ठा नीट लावला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग नेमकं तिसरंच पान उलटं कसं?"

 पुढच्या चार वर्षांत अशा बऱ्याच प्रश्नांना उत्तर नसतं हे मला कळलं.

बडोद्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात सर कंट्रोल हा विषय शिकवायचे. यंत्राला आपल्याला हवं तसं वागायला लावणं, असा त्याचा साधा अर्थ. नव्वदीची मधली वर्षं होती. डिपार्टमेंटमध्ये दर पंधरवड्याला कुणीतरी पेढे वाटायचं: कुणाला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, कुणाला अमेरिकेचा व्हिसा मिळाला. सर पेढा घ्यायचे, पण खाण्याआधी विचारायचे, "जाताना काय काय नेताय?" ज्याला विचारलं तो हसायचा. सर हसायचे नाहीत. त्यांना खरोखरच हवं असायचं ते उत्तर.

अंगानं उंच, पाठ ताठ. आजोबा संस्थानच्या फौजेत रिसालदार होते, आणि ते घोडदळ सरांच्या बसण्यातून अजून गेलं नव्हतं. दरवाजाकडे पाठ करून ते कधी बसले नाहीत. शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यातलं हिरवं फक्त सहीचं. छापून आलेल्या प्रत्येक कागदावर कोपऱ्यात हिरवी सही, म्हणजे पान बदललं तर कळावं. संगणकाच्या फ्लॉप्या काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, लाडवाच्या स्टीलच्या डब्यात, डब्याला छोटं कुलूप. कपाटाच्या दोन दारांना जोडून एक काळा दोरा चिकटवलेला असायचा. तो मला दिसतो हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना ते माहीत आहे हे मला.

तरुणपणी त्यांचा एक शोधनिबंध कुणीतरी स्वतःच्या नावानं छापला होता. ही हकिकत मी त्यांच्या तोंडून तीनदा ऐकली. तिन्ही वेळा चोर वेगळा होता. पण निबंध तोच होता, आणि सांगताना त्यांचा आवाज तिन्ही वेळा सारखाच खाली जायचा, तेव्हा काहीतरी घडलं असणार एवढं मी धरून चालले.

त्यांच्या या स्वभावावर हसायची परवानगी फक्त काकूंना होती. शहरातल्या वाडी भागातल्या त्यांच्या घरी मी कागद घेऊन गेले की काकू मला स्वयंपाकघरात बसवून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "मला पाहायला आले तेव्हा गाणं येतं का, स्वयंपाक येतो का, असलं काही विचारलं नाही ह्यांनी. जन्माचा दाखला मागितला. त्याच्यावरचा शाळेचा शिक्का पुसट होता, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन खात्री करून आले." स्कूटरवर दोघं निघाले की चौकात सर उजवीकडे बघायचे आणि डावी बाजू काकूंची. "डावीकडे?" सर विचारायचे. "मोकळं," काकू म्हणायच्या. मग सर स्वतः डावीकडे बघायचे आणि मगच निघायचे. मांडवीच्या गर्दीत मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून थकायचे.

या माणसानं आयुष्यभर ज्या प्रश्नावर काम केलं तो ते नवीन विद्यार्थ्यांना टेबलावर दोन पेन्सिली ठेवून सांगायचे. ही दोन विमानं. एकमेकांकडे येतायत. वेळ थोडा आहे, आणि विमान काही स्कूटर नव्हे. ते ठरावीक मर्यादेपेक्षा जोरात वळू शकत नाही. तर कुणी कुठं वळावं, म्हणजे ती जवळात जवळ येतील तेव्हाही त्यांच्यातलं अंतर जास्तीत जास्त राहील? या गणिताला ऑप्टिमल कंट्रोल म्हणतात, पुस्तकी मराठीत इष्टतम नियंत्रण. उत्तर मोठं देखणं येतं. अर्धवट वळणं कुठंच उपयोगाचं नाही. एक तर पूर्ण जोरानं उजवीकडे, नाही तर पूर्ण जोरानं डावीकडे, आणि काही थोड्या जागी नाकासमोर सरळ. समोरचं विमान कुठं आहे आणि त्याचं तोंड कुठं आहे, त्यावरून नकाशा काढता येतो: या भागात असाल तर उजवीकडे, त्या भागात असाल तर डावीकडे. सरांनी तो नकाशा काढला होता. ते त्यांच्या हयातीचं काम होतं.

खाजगी विमान कंपन्या तेव्हा नव्यानं उडायला लागल्या होत्या. आकाशात गर्दी वाढणार हे दिसत होतं, म्हणून एका सरकारी संस्थेनं सरांना प्रकल्प दिला. नकाशा संगणकात भरायचा, आणि तो संगणक विमानात बसवायचा. टक्कर होणार असं दिसताच वैमानिकाला न विचारता यंत्रानंच विमान वळवायचं. पहिली चाचणी दोन लहान विमानांवर होणार होती. आत वैमानिक असणार होते, पण हात मांडीवर ठेवून.

त्यांतले एक कॅप्टन समितीबरोबर एकदा बडोद्याला आले होते. तिशीतले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सरांच्या खोलीतली खुर्ची मध्ये ओढली, तिच्यावर बसले आणि पूर्ण जोराच्या वळणात मान कशी खांद्यावर येते ते दाखवलं. सरांनी त्यांना ओळखपत्र मागितलं होतं. त्यांनीही शांतपणे काढून दिलं होतं.

प्रोग्रॅम मी लिहिला. लिहिताना एकदा मी सरांना विचारलं होतं की उजवीकडचा भाग आणि डावीकडचा भाग जिथं एकमेकांना भिडतात, त्या रेषेवरच विमान असलं तर काय करायचं? तिथं दोन्ही बाजूंची वळणं सारखीच चांगली होती. सर म्हणाले, "रेषेला जाडी नसते, देशपांडे. तिच्यावर कुणी नेमकं सापडत नाही. कुठलंही एक घ्या." त्यांच्या निबंधातही हेच एका ओळीत होतं. मी कुठलंही एक घेतलं.

मग आम्ही संगणकावर खोटी विमानं उडवायला लागलो. शेकडो वेळा, वेगवेगळ्या दिशांनी, खऱ्या उपकरणांत असतात तशा बारीक चुका मुद्दाम घालून. विमानं सुरेख बाजूला होत होती. आणि मग एक दिवस छापील कागदावर एक आकडा असा आला की दोन विमानं एकमेकांच्या पंखाला पंख लावून गेली होती. गणिताप्रमाणे हे अशक्य होतं.

सरांनी कागद उजेडात धरला. हिरवी सही तपासली. मग माझ्याकडे पाहिलं. "काल संध्याकाळी खोली कुणी बंद केली?"

मीच केली होती.

पुढच्या आठवड्यात असा आणखी एक कागद आला. मग आणखी एक. डिपार्टमेंटचं वारंच बदललं. शेजारच्या डिपार्टमेंटच्या भट्टसाहेबांचा अशाच एका प्रकल्पासाठीचा अर्ज नाकारला गेला होता, त्यामुळे सरांचा पहिला संशय त्यांच्यावर. पण भट्टसाहेबांकडे खोलीची चावी नव्हती. चावी माझ्याकडे होती. मकरपुऱ्याच्या एका कंपनीनं मला मुलाखतीला बोलावलं होतं, हेही सरांना कुठून तरी कळलं. ते काही म्हणाले नाहीत, फक्त माझ्याशी बोलताना 'आपण' म्हणायचे ते 'तुम्ही लोक' म्हणायला लागले.

त्या दिवसांत भट्टसाहेब मला जिन्यात भेटले. गोरे, गोल, कपाळाला बारीक टिळा. "शिर्केसाहेबनुं शुं चाले छे, बेन?" शिर्केसाहेबांचं काय चाललंय, असं त्यांनी हळूच विचारलं, आणि पुढं मोडक्या मराठीत म्हणाले की काही अडचण असली तर माझ्याकडे या, तुमच्यासाठी जागा आहे. एरवी मला ते बोलणं प्रेमळ वाटलं असतं. तेव्हा वाटलं, यांना इतकी काळजी का? घरी गेल्यावर मी माझ्याच वहीतल्या प्रत्येक ओळीवर संशय घेतला. मीच झोपेत काही बदलते आहे की काय इथपर्यंत माझी मजल गेली. सरांचा स्वभाव इतका संसर्गजन्य असेल असं वाटलं नव्हतं.

एका सकाळी सरांनी माझ्याकडून चावी मागून घेतली. लायब्ररीत जाऊन जुन्या नियतकालिकांची सूची करा, म्हणाले. त्या सूचीची कुणालाही गरज नव्हती. खोलीचं कुलूप बदललं गेलं. सर एकटे आत बसायचे, काकू दुपारी डबा घेऊन येऊन दारावर टकटक करायच्या आणि आपलं नाव सांगायच्या. आठ दिवस असे गेले. मी लायब्ररीत बसून राजीनाम्याचा मसुदा दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला.

नवव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. खोलीत जमिनीवर कागद पसरले होते, आणि सर त्यांच्यामध्ये मांडी घालून बसले होते. दाढी वाढलेली. त्यांना जमिनीवर बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दार लावायला सांगून ते म्हणाले, "गेल्या आठ दिवसांत या खोलीत कोण कोण आलं?"

"सर, चावी तुमच्याकडे होती."

"हो," ते म्हणाले. "तेच."

 मग त्यांनी सहा कागद माझ्यापुढे सरकवले. तीन माझे, जुने. तीन त्यांचे, त्या आठ दिवसांतले. माझ्याशिवाय, भट्टसाहेबांशिवाय, बंद खोलीत, त्यांनी स्वतः चालवलेले. सहाही वेळा विमानं एकमेकांना भिडली होती. आणि सहाही वेळा त्यांची सुरुवात त्या रेषेच्या अगदी जवळ होती.

रेषेला जाडी नसते हे कागदावर खरं होतं. पण प्रत्येक विमान समोरच्याची जागा आपापल्या उपकरणानं मोजतं, आणि दोघांच्या मोजण्यात केसभर फरक असतो. रेषेजवळ तेवढा फरक पुरतो. एका विमानाला वाटतं आपण रेषेच्या अलीकडे आहोत, दोघांनी उजवीकडे वळायचंय. दुसऱ्याला वाटतं आपण पलीकडे आहोत, दोघांनी डावीकडे वळायचंय. दोन्ही बेत एकेकटे उत्तम. पण समोरासमोर येणाऱ्यांपैकी एक आपल्या उजवीकडे वळला आणि दुसरा आपल्या डावीकडे, तर दोघं एकाच बाजूला जातात. अरुंद बोळात दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला जातात आणि पुन्हा समोर येतात, तसं. बोळात माणसं हसून थांबतात. इथं पूर्ण जोराचं वळण होतं, आणि थांबायची सोय नव्हती.

"तुम्ही विचारलं होतं," सर म्हणाले. त्यांनी सहाही कागद उचलले, घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवले. "समिती मंगळवारी येतेय. तोवर कुणाशी बोलू नका."

त्या मंगळवारपर्यंत संशय घ्यायची पाळी माझी होती. खोलीतल्या छापील प्रतींतून ते सहा कागद गेले होते. आता त्यांची नोंद फक्त सरांच्या पिशवीत होती. सरांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. या प्रकल्पावर नवी प्रयोगशाळा उभी राहायची होती, तिच्या इमारतीचा नकाशाही मंजूर झाला होता. सहा कागद पिशवीतच राहिले तर कुणाला कळणार होतं? एक मला. आणि माझा शब्द कोण धरणार, जिला त्यांनी स्वतःच आठ दिवस खोलीबाहेर ठेवलं होतं? त्यांनी मला लायब्ररीत पाठवलं ते यासाठीच तर नाही, असंही मनात आलं. आज ते लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

मंगळवारी समिती आली. अध्यक्ष, दोन अधिकारी आणि ते कॅप्टन. सर नवा बुशशर्ट घालून उभे राहिले आणि बोलू लागले. नकाशा दाखवला, गणित दाखवलं, पडद्यावर विमानं बाजूला होताना दाखवली. पाऊण तास झाला. अध्यक्ष मान डोलावत होते. सहा कागदांचं नाव नाही. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मी उठावं का? उठून काय म्हणावं?

अध्यक्षांनी सहीचा कागद पुढं केला तेव्हा सरांनी पिशवी उघडली. सहा कागद एकामागून एक टेबलावर मांडले आणि प्रत्येकात काय झालं ते सांगितलं. आवाज वर्गात शिकवताना असतो तसाच. शेवटी म्हणाले की ही चाचणी करू नये.

अध्यक्षांना ते पटायला वेळ लागला. ते चांगले गृहस्थ होते, आणि दिल्लीत त्यांनाही उत्तरं द्यायची होती. ते म्हणाले की इतक्या शेकडोंमध्ये सहा, आणि तेही अगदी विशेष स्थितीत; चाचणीत आपण त्या स्थितीत विमानं नेणारच नाही. अहवालात तळटीप घाला आणि पुढं जाऊ.

"तळटीप विमानात वाचता येत नाही," सर म्हणाले.

अध्यक्षांनी मग आणखी एक वाट मोकळी करून दिली. माझ्याकडे बोट न दाखवता, नुसतं पाहून त्यांनी विचारलं की प्रोग्रॅम तर या मुलीनं लिहिला होता ना? नवीन मुलांच्या हातून होतात अशा चुका. प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ.

सरांनी टेबलाची कड धरली होती. "प्रोग्रॅम यांनी बरोबर लिहिलाय," ते म्हणाले. "सिद्धांत मी चुकीचा लिहिला. यांनी शंका विचारली होती, मी ती उडवून लावली. आणि नंतर मी यांच्यावरच संशय घेतला, तोही चुकीचा होता." हे सगळं ते हिंदीत बोलले, आणि त्यांचं हिंदी चांगलं नव्हतं, म्हणून प्रत्येक शब्द सुटा सुटा पडला.

बाहेर चहाच्या वेळी कॅप्टन सरांजवळ आले. त्या सहांतला एक कागद मला मिळेल का, असं त्यांनी विचारलं. सरांनी निवडून एक दिला. कॅप्टननी तो घडी करून गणवेशाच्या वरच्या खिशात ठेवला, चहा संपवला आणि ते गाडीत जाऊन बसले. सरांनी कुणाला पोच न घेता कागद दिलेला मी तो एकच पाहिला.

प्रकल्प गेला. प्रयोगशाळा झाली नाही, त्या जागी पुढं सायकल स्टँड आला. माझा अर्धा प्रबंध त्या रेषेवर उभा होता, तो मोडून पुन्हा लिहिण्यात वर्षाहून जास्त गेलं. या काळात सरांनी माझी माफी मागितली नाही. समितीसमोर सांगून झालं होतं, दुसऱ्यांदा सांगण्याची त्यांना गरज वाटली नसावी. मलाही वाटली नाही. मकरपुऱ्याच्या कंपनीचं बोलावणं पुन्हा आलं, तेव्हा मीच नको म्हटलं.

रेषेवरचा उपाय काढला भट्टसाहेबांनी. डिपार्टमेंटमध्ये गोष्ट पसरली तेव्हा ते आपण होऊन आले नाहीत. सर काय समजतील याची त्यांना कल्पना होती. त्यांनी काकूंना देवळात गाठून निरोप दिला. सरांनी महिनाभर ते मनावर घेतलं नाही. मग एका रविवारी काकूंना घेऊन ते भट्टसाहेबांच्या घरी गेले, आणि मला सोबत नेलं. साक्षीदार म्हणून नेलं असावं.

भट्टसाहेबांचं म्हणणं साधं होतं. दोन विमानांनी आधी रेडिओवर एकमेकांशी बोलावं. ज्याचा नोंदणी क्रमांक लहान, त्यानं ठरवावं, दुसऱ्यानं ऐकावं. मग रेषेवर असा की कुठंही, दोघांचा बेत एकच राहील.

सर बराच वेळ पेन्सिलीनं टेबलावर ठोकत बसले. "आणि पहिल्यानं खोटं सांगितलं तर?"

"तो बन्ने मरशे, साहेब," भट्टसाहेब म्हणाले. "खोटुं शा माटे बोले?"

दोघंही मरतील, मग तो खोटं का बोलेल. सरांनी या वाक्यात खोट शोधायचा खूप प्रयत्न केला, हे मी त्यांच्या कपाळावर पाहिलं. ती सापडली नाही. घरच्या फाफड्याच्या ताटलीकडे त्यांनी हात नेला आणि न विचारता एक उचलला. या उपायावर पुढं जो निबंध लिहिला त्यावर तीन नावं लागली. पहिलं भट्टसाहेबांचं.

याचा अर्थ सर बदलले असा कुणी घेऊ नये. कपाटाचा दोरा तसाच होता. निवृत्तीच्या निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन अस्सल आहे का ते पाहून घेतलं.

मी पुण्याला आले. काकू गेल्याचं पत्रानं कळलं. त्यानंतर दोनेक वर्षांनी बडोद्याला जाणं झालं, तेव्हा वाडीतल्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं की रविवारी सर डभोईला असतात. तिथं एका शाळेत आजूबाजूच्या गावांतल्या गणिताच्या शिक्षकांना ते फुकट शिकवायचे. मी बस पकडून डभोईला गेले.

शाळा बाजाराला लागून होती. वर्गाच्या दारात पोचले तर सर फळ्यापुढे उभे, पाठ थोडी वाकलेली. समोर पंधरा-वीस शिक्षक, बहुतेक बायका. सर गुजरातीत शिकवत होते. एक लांब गणित फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत आलं होतं. मी खिडकीशी थांबले.

दुसऱ्या बाकावरच्या एका बाईंनी हात वर केला. चाळिशीच्या असाव्यात, मांडीवर भाजीची पिशवी होती. त्या संकोचत म्हणाल्या, "साहेब, चोथी लीटीमां माइनस आवशे."

चौथ्या ओळीत वजा हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. सरांनी फळ्याकडे पाहिलं. वरपासून एकेक ओळ बोट फिरवत खाली आले, चौथ्या ओळीशी थांबले.

"बरोबर छे, बेन," ते म्हणाले. "मारी भूल."

मग त्यांनी खडू त्या बाईंच्या हातात दिला. बाई पिशवी बाकावर ठेवून फळ्याशी गेल्या. त्यांच्या रिकाम्या जागेवर सर जाऊन बसले, गुडघे त्या बुटक्या बाकात कसेबसे कोंबून, आणि खिशातून वही काढून त्या लिहितील तसं उतरवून घेऊ लागले.

मी आत गेले नाही. ते लिहून होईपर्यंत खिडकीशी उभी राहिले, आणि मग परतीच्या बसची वेळ झाली.